मिनिटभराचा निरोप

मंगळवार हा वजनाचा वार. सकाळी नऊच्या आत उंदीरघर गाठायचं, बाहेरच्या खोलीत चपला काढून आतल्या स्लिपर घालायच्या, एप्रन, टोपी, मास्क, हातमोजे चढवायचे आणि दुसरं दार ढकलायचं. आत मक्याच्या कणसांच्या भुश्याचा, उंदरांच्या मुताचा आणि ऑटोक्लेव्हमधून नुकत्याच निघालेल्या पिंजऱ्यांचा मिळून एक उबट वास असे. सुरुवातीचे काही महिने तो केसांत बसून घरापर्यंत यायचा. पुढे मला तो जाणवेनासा झाला. आईला मात्र शेवटपर्यंत जाणवत राहिला.

२००७ साली पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडीला लागले. प्रबंधाचं नाव लांबलचक होतं. सोपं करून सांगायचं तर पेशीच्या आत निरोप पोचवणारी काही प्रथिनं उंदराच्या अंगावरची चरबी कशी ठरवतात, हे मला पाहायचं होतं. चरबी ठरते ती खाण्याने, एवढंच मी घरून शिकून आले होते. आमच्याकडे आत्या जाड आणि आई काडीसारखी. दोघी एकाच स्वयंपाकघरातलं जेवायच्या, बहुतेक वेळा एकाच वेळी. तरी जाडी हा आत्याचाच दोष धरला जाई. "तोंडावर ताबा हवा," असं तिला भरल्या पंगतीत ऐकवलं जाई आणि ती काही न बोलता पानातली पोळी अर्धी मोडून बाजूला ठेवी. एकदा ते वाक्य मीही तिला म्हटलेलं आहे.

माझे उंदीर काळे होते. सी-५७ ब्लॅक-६ हा जगभरच्या प्रयोगशाळांतला ओळखीचा वाण. चरबीचं खाणं दिलं की हमखास लठ्ठ होणारा, म्हणूनच निवडलेला. सहा आठवड्यांचे नर घेऊन त्यांना बारा आठवडे निळ्या गोळ्या घालायच्या, हा बेत. या गोळ्यांतल्या उष्मांकांपैकी ६० टक्के चरबीतून येतात, तीही बहुतेक डुकराच्या चरबीतून. साध्या खाद्याशी गल्लत होऊ नये म्हणून बनवणारेच त्यांना निळा रंग देतात. साधी गोळी दगडासारखी कडक असते, उंदीर ती तासन्‌तास कुरतडतो. निळी मऊ. हातात घेतली की हातमोज्याला तेलकट लागते आणि कोपरे लगेच ढासळतात. आठवड्यातून दोनदा ती बदलावी लागे, नाहीतर खवट होई.

उंदरांतले निम्मे सर्वसाधारण होते. उरलेल्या निम्म्यांच्या अंगात पीटीपी-१बी नावाचं एक प्रथिन नव्हतं. त्याचं जनुकच काढून टाकलेलं होतं. पेशीतल्या निरोपांची तऱ्हा अशी, की प्रथिनावर फॉस्फेटचा एक गट चिकटला की ते जागं होतं, गट निघाला की ते निजतं. चिकटवणारी प्रथिनं वेगळी, सोडवणारी वेगळी. पीटीपी-१बी सोडवणाऱ्यांपैकी. इन्शुलिनचा निरोप घेणाऱ्या ग्राहीवरचं फॉस्फेट ते काढतं आणि भूक आवरणाऱ्या लेप्टिनचा निरोप आत नेणाऱ्या जॅक-२ या प्रथिनावरचंही काढतं. म्हणजे "ऐकलं, आता पुरे" असं सांगणारं हे प्रथिन. तेच नसेल तर निरोप जास्त वेळ घुमत राहतो. १९९९ मध्ये माँट्रिऑलच्या मॅगिल विद्यापीठातल्या गटाने असे उंदीर तयार केले आणि चरबीचं खाणं देऊनही ते फारसे लठ्ठ होत नाहीत असं दाखवलं. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या गटाला स्वतंत्रपणे तेच दिसलं. मी ते दोन्ही निबंध इतक्यांदा वाचले होते की आकृत्या डोळे मिटून काढता आल्या असत्या. पण वाचणं आणि मंगळवार यांत फार अंतर असतं.

तिसऱ्या आठवड्यापासून वजनं फाकायला लागली. तराजूवर प्लॅस्टिकचा डबा ठेवायचा, शेपटीला धरून उंदीर त्यात सोडायचा, आकडा स्थिरावला की वहीत उतरवायचा. सर्वसाधारण उंदीर दर आठवड्याला जडावत होते, हातात घेतले की कुशी ओघळायच्या. बाराव्या आठवड्यात ते ४० ग्रॅमच्या पुढे गेले. पीटीपी-१बी नसलेले मागेच राहिले, चपळ, तुकतुकीत केसांचे.

उंदीरघराचं सगळं काम बघणारे काका जुन्नरकडचे. वीसहून जास्त वर्षं ते याच कामात होते. पिंजऱ्यावरची चिठ्ठी न वाचता ते उंदीर ओळखत. ते म्हणाले, "ताई, ही बारकी हायेत ती खातच नसतील." मलाही आतून तेच वाटत होतं. मग ठरवलं की खाणं मोजायचं.

उंदराचं खाणं मोजणं हे दिसतं त्याहून फार अवघड काम आहे. घातलेल्या गोळ्यांचं वजन करून उरलेल्यांचं वजा केलं की झालं, असं नसतं. मऊ गोळीचा चुरा होतो, तो भुश्यात पडतो, भुश्यात लेंड्याही असतात. खाल्लेलं आणि सांडलेलं वेगळं करायचं तर भुसा चाळावा लागतो. मंडईतून मी दोन चाळण्या आणल्या, एक रव्याची आणि एक मैद्याची. रोज दुपारी दोन-अडीच तास मान मोडून बसायचे आणि निळे कण चिमट्याने वेचायचे. माझ्या बरोबरीची मुलं तेव्हा लाखो रुपयांच्या यंत्रांवर काम करत होती आणि मी चाळत होते. पण त्या चाळणीनेच मला माझ्या आयुष्यातला पहिला खरा निकाल दिला. दोन्ही गटांचं खाणं जवळपास सारखं होतं. बारीक उंदीर कमी खात नव्हते. तेवढंच खाऊन ते बारीक होते.

बोस्टनच्या निबंधात हे लिहिलेलं होतं, मला ते ठाऊक होतं. तरी आकडेमोड झाल्यावर मी उठून संस्थेच्या आवारात दोन चकरा मारल्या. सारखं मनात येत होतं, की आत्याची ती अर्धी मोडलेली पोळी आपण कधी मोजली होती का?

मग ते जास्तीचं जातं कुठे? उष्णतेत. शरीराची भट्टी जरा मोठी ठेवली की तेवढ्याच खाण्यात शिल्लक कमी पडते. उंदराच्या दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली तपकिरी चरबीची एक जोडगोळी असते. पोटातल्या पांढऱ्या चरबीचं काम साठवणं. ही तपकिरी चरबी जाळते आणि त्यातून नुसती ऊब काढते. तिच्यात यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं, तेच हे काम करतं.

इथे काकांनी एक गोष्ट केली, ती मला उशिरा कळली. खाणं मोजण्यासाठी मी उंदीर एकेकटे ठेवले होते. उंदरांना एकटं राहायची सवय नसते. ते एकमेकांच्या अंगावर ढीग करून निजतात. खोलीचं तापमान २२ अंश, माणसाला सुखाचं. उंदराला मात्र अंगातली जास्तीची ऊर्जा न जाळता निवांत राहायचं तर ३० अंशांच्या आसपास लागतं. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांतले उंदीर बारा महिने थंडीत कुडकुडत असतात आणि त्या थंडीवरच आपण चरबीचे सिद्धांत बांधतो. काकांना यातलं शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बारक्या उंदरांना कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं पाहिलं आणि त्यांच्या पिंजऱ्यांत टिश्यू पेपरचे चार-चार कपटे जास्तीचे टाकले. उंदरांनी त्यांची छान घुमटासारखी घरटी केली. जाड्यांना कागद नाही, त्यांची चरबी त्यांना पुरेल.

मला हे कळलं तेव्हा सहा आठवड्यांचे आकडे वहीत होते आणि दोन गटांमध्ये आता एक सोडून दोन फरक होते: प्रथिन आणि कागद. मी चिडून विचारलं, "काका, असं कसं केलंत? मला विचारायचं तरी." ते गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "एकल्याला ऊब कोन देनार, ताई?"

त्या दिवशी मी जे बोलले त्याची मला अजून खंत आहे, कारण निरीक्षण त्यांचं बरोबर होतं आणि माझं नव्हतं. पुढच्या फेरीत मी सगळ्या पिंजऱ्यांत मोजून सारखा कागद घातला, आणि तो किती ग्रॅम घालायचा हे काकांना विचारून ठरवलं. २००९ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांचं काम आमच्या वाचनगटात चर्चेला आलं. ज्या उंदरांना यूसीपी-१ नाही ते लठ्ठ व्हायला हवेत असा सगळ्यांचा कयास होता. १९९७ मध्ये पहिल्यांदा असे उंदीर तयार झाले तेव्हा ते लठ्ठ झालेच नाहीत, आणि बारा वर्षं हे कोडं राहिलं. स्टॉकहोमच्या गटाने त्याच उंदरांना उबेत ठेवलं आणि ते लठ्ठ झाले. थंडीत अंग तापवण्यापायी दुसऱ्या मार्गांनी ऊर्जा खर्च होत होती, म्हणून जनुकाचा परिणाम झाकला गेला होता. मी तो निबंध छापून काकांकडे नेला आणि आकृतीवर बोट ठेवून समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. कागद घडी करून खिशात ठेवला.

आमच्या गाइड मॅडम लेप्टिनची गोष्ट शिकवताना नेहमी अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बर गावापासून सुरुवात करत. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत आपोआप झालेल्या जनुकबदलातून जन्मलेला एक अतिलठ्ठ उंदीर सापडला, त्याची नोंद १९५० मध्ये छापून आली. १९६० च्या दशकात तिथेच दुसरा एक लठ्ठ आणि मधुमेही वाण निघाला. डग्लस कोलमन यांनी या उंदरांच्या जोड्यांची अंगं शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडली, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात जाईल. दुसऱ्या वाणाचा उंदीर सर्वसाधारण उंदराला जोडला तर सर्वसाधारण उंदीर खाणं सोडून उपाशी मेला. पहिल्या वाणाचा जोडला तर तोच कमी खायला लागला आणि त्याचं वजन उतरलं. कोलमननी यातून ताडलं की पहिल्याच्या रक्तात "पोट भरलं" हा निरोपच नाही, आणि दुसऱ्याच्या रक्तात तो उदंड आहे पण त्याला तो ऐकू येत नाही. निरोप म्हणजे नेमका कोणता रेणू, हे कळायला १९९४ उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते जनुक शोधलं. निरोप येत होता चरबीकडूनच. ज्या चरबीला आपण नुसतं ओझं समजत होतो ती मेंदूशी बोलत होती. लेप्टिन हे नाव बारीक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवलं. २०१० मध्ये या दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला तेव्हा मॅडमनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. आमचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, तरी वाटले.

जन्मतः लेप्टिन नसलेल्या दुर्मीळ मुलांना ते टोचून दिलं की त्यांची कधी न शमणारी भूक शमते. बाकी बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात मात्र लेप्टिन कमी नसतं, भरपूर असतं. निरोप येतो, ऐकला जात नाही. माझे निळ्या गोळ्या खाल्लेले उंदीर तसेच होते. म्हणून मला ऐकण्याच्या जागेवर जाऊन पाहायचं होतं: मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये. लेप्टिन तिथल्या ग्राहीला भेटलं की जॅक-२ जागं होतं, ते स्टॅट-३ या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवतं, मग स्टॅट-३ च्या जोड्या होऊन त्या पेशीकेंद्रात शिरतात आणि भूक आवरणारी जनुकं चालू करतात. स्टॅट-३ वर किती फॉस्फेट चिकटलंय हे मोजलं की निरोप किती ऐकला गेला ते कळतं.

अडचण अशी, की चरबी जमायला बारा आठवडे लागतात आणि फॉस्फेट सुटायला एखाद-दोन मिनिटं पुरतात. उंदीर मेल्यावर त्याच्या पेशींतली सोडवणारी प्रथिनं लगेच थांबत नाहीत. बारा आठवडे वाढवलेल्या जिवाची सगळी साक्ष त्या मिनिटभरात पकडायची असते. लेप्टिनचं इंजेक्शन, बरोबर ४५ मिनिटांनी उंदराची मान मोडायची, कवटी उघडायची, मेंदू उलटा करायचा, साबुदाण्याएवढा तुकडा कापायचा, नळीत घालून द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचा. मान मोडण्याची वेळ मला कधीच सोपी गेली नाही. परवानगी देणाऱ्या समितीसमोर आपण "कमीत कमी उंदीर" असं लिहून देतो. प्रत्येक वेळी हात लावताना तो आकडा आठवायचा.

मेंदू काढण्याच्या पहिल्या फेरीत २४ उंदीर होते. मी सकाळी सर्वसाधारण घेतले आणि दुपारी पीटीपी-१बी नसलेले. यादी वहीत त्याच क्रमाने होती, म्हणून. पुढच्या आठवड्यात ब्लॉट केला, म्हणजे स्टॅट-३ वरचं फॉस्फेट फिल्मवर पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी. अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्याखाली फिल्म डेव्हलपरमध्ये हलवत असताना पट्टे उमटले: सर्वसाधारण उंदरांत फिकट, प्रथिन नसलेल्यांत काळेभोर. मी ओली फिल्मच घेऊन मॅडमच्या खोलीत धावले. त्यांनी ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली, आणि एकच प्रश्न विचारला, "आधी कुठले कापलेस?"

मला उत्तर देताना घसा कोरडा पडला. सकाळच्या पहिल्या उंदराला मला चार मिनिटं लागली होती. दुपारपर्यंत हात बसला होता, दीड-दोन मिनिटांत काम होत होतं. शिवाय सगळ्यांचं खाणं आदल्या संध्याकाळी काढून घेतलेलं, म्हणजे दुपारचे उंदीर पाच तास जास्त उपाशी. उपास वाढला की अंगचं लेप्टिन उतरतं आणि बाहेरून दिलेलं जास्त ठसतं. माझ्या फिल्मवर प्रथिनाचा परिणाम होता, माझ्या हाताचा होता, की उपासाचा, हे आता सांगता येणार नव्हतं. २४ उंदीर, बारा आठवडे. मॅडम रागावल्या नाहीत. "पुन्हा करू," म्हणाल्या. रात्री घरी आल्यावर मी आईला जेवायला नको म्हणून सांगितलं.

पुन्हा करायचं म्हणजे आधी पिल्लं व्हायची वाट पाहायची, त्यांच्या शेपटीच्या टोकावरून जनुक तपासायचं, मग बारा आठवडे. सहा महिने गेले. या वेळी कापण्याचा क्रम मॅडमनी चिठ्ठ्या टाकून ठरवला, आणि कुठला उंदीर कुठल्या गटातला हे मला सांगितलं नाही. आमची एक ज्युनिअर स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभी राहिली; प्रत्येक नळीवर सेकंद लिहिले; ९० सेकंदांच्या पुढे गेलेली नळी बाद, असं आधीच ठरवलं. सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट, म्हणजे फॉस्फेट सोडवणाऱ्यांना रोखणारं रसायन, पिवळेपणा जाईपर्यंत उकळून ताजं केलं. ब्लॉट दुधाच्या पावडरीत भिजवला नाही, कारण दुधातल्या केसीनवरच फॉस्फेट असतं आणि ते गोंधळ घालतं. या सगळ्या बारीक गोष्टी कुठल्याही निबंधाच्या पद्धतीच्या परिच्छेदात दोन ओळींत येतात. मी त्या दोन ओळींत जवळजवळ दोन वर्षं राहिले.

त्याच दिवसांत आईच्या रक्तात साखर निघाली. तिचं वजन पन्नास किलोच्या आत. घरात कुणाला पटेना. साखर व्हायची तर आत्याला व्हायला हवी होती, असं माझे एक चुलते उघडपणे म्हणाले. मला मात्र आईची साखर पटली, कारण बारीक दिसणाऱ्यालाही मधुमेह होतो, हेच आमच्याच पुण्यात केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले होते. २००४ मध्ये त्यांचं आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते आत असतं. आईला मी ते चित्र दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नाही ना?" मी नाही म्हटलं. मग मी फोन उचलून आत्याशी बोलले, पण तिला जे सांगायचं होतं ते फोनवर नीट सांगता आलं नाही. दिवाळीत समोर बसून सांगितलं.

आमचा निकाल हाती आला तेव्हा फरक होता, पण पहिल्या फिल्मच्या मानाने कमी. पीटीपी-१बी नसलेल्या उंदरांत स्टॅट-३ वरचं फॉस्फेट जास्त होतं. प्रत्येकात नाही, पण गट म्हणून स्पष्ट. पहिल्या फिल्मचा काळाभोर पट्टा मला अजूनही जास्त सुंदर वाटतो, आणि ती फिल्म मी फाडलेली नाही. पण खरी ही दुसरी. प्रबंधात चर्चेच्या प्रकरणात मी २००६ च्या बोस्टनच्या कामाला सगळ्यात जास्त पानं दिली. त्यांनी हेच प्रथिन एकेका अवयवातून वेगवेगळं काढून पाहिलं होतं. चेतापेशींतून काढलं तर उंदीर बारीक राहिले. यकृतातून किंवा स्नायूंतून काढलं तर वजनाला काही झालं नाही. आणि चरबीतून काढलं तर वजन उलट वाढलं. एकच प्रथिन, एकच काम, पण कुठल्या दारात उभं आहे त्यावर परिणाम फिरतो. "अमुक प्रथिन लठ्ठपणा आणतं" असं वाक्य वर्तमानपत्रात वाचलं की मला आजही विचारावंसं वाटतं, कुठल्या पेशीत? किती अंशांच्या खोलीत? कितव्या मिनिटाला?

ती दुसरी फिल्म वाळल्यावर मी काकांना प्रयोगशाळेत बोलावलं. इतक्या वर्षांत ते वरच्या मजल्यावर कधी आलेच नव्हते. दारात चपला काढायला लागले, मी नको म्हटलं तरी काढल्याच. फिल्म मी टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली. बारीक बारीक काळे पट्टे, ओळीने.

"हे सगळे आपलेच व्हय?"

"हो काका. एकेक पट्टा म्हणजे एकेक उंदीर."

त्यांनी चष्मा लावला आणि वाकून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "सत्तावीस कुटंय?"

सत्तावीस नंबरचा निळी गोळी जाळीतून ओढून घरट्यात नेऊन खायचा, बाकी कुणी तसं करत नसे. मी वही उघडली, चिठ्ठीवरचा क्रम लावून पाहिला आणि डावीकडून पाचव्या पट्ट्यावर पेन्सिलीचं टोक धरलं. काकांनी फिल्म कडेने उचलली आणि खिडकीच्या उजेडाकडे नेली.